सन्मान निधीचा हिशेब: संसदेतली उत्तरं सलग वाचल्यावर

जुलै २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी संसदेत एका लेखी उत्तरात माहिती दिली, की प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे सुमारे २,९९२ कोटी रुपये ४२.१६ लाख अपात्र व्यक्तींच्या खात्यांत गेले आहेत आणि ते परत घेतले जाणार आहेत. मार्च २०२२ मध्ये तोच प्रश्न पुन्हा आला. तोवर रक्कम ४,३५२ कोटींवर गेली होती आणि वसूल झाले होते २९६.६७ कोटी. डिसेंबर २०२४ च्या उत्तरात वसुली ३३५ कोटींवर आली, मार्च २०२५ मध्ये ४१६ कोटींवर.

यातलं एकेक उत्तर सुटं वाचलं तर त्यात खोट काढता येत नाही. आकडे आहेत, कार्यवाहीचं वर्णन आहे, पुढच्या उपायांची यादी आहे. पण ही उत्तरं एकापुढे एक ठेवून, मध्ये अर्थसंकल्पाचे आकडे आणि हप्त्यांच्या घोषणा घालून वाचली, की वेगळंच काही दिसायला लागतं. चुकून दिलेल्या पैशाचा माग सरकार सविस्तर सांगतं. चुकून न दिलेल्या पैशाचा माग कुठेच लागत नाही. शेतीसाठीच्या सरकारी खर्चावर लोकप्रतिनिधी प्रश्न विचारतात तेव्हा नेमकं काय हाती लागतं आणि काय निसटतं, हे समजून घ्यायला या एका योजनेइतकं पुरेसं प्रकरण दुसरं नसेल.

घाईत बांधलेली यादी

योजना जाहीर झाली १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात. पीयूष गोयल तेव्हा अर्थखातं सांभाळत होते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, थेट खात्यात. लाभ मागच्या तारखेने, म्हणजे १ डिसेंबर २०१८ पासून लागू. २४ फेब्रुवारीला गोरखपूरहून पहिला हप्ता सुटलाही आणि त्या दिवशी एक कोटीहून जास्त शेतकऱ्यांच्या नावावर रक्कम गेली. घोषणा आणि पहिला हप्ता यांत २३ दिवसांचं अंतर. १० मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली.

२३ दिवसांत एवढी यादी कशी तयार झाली, या प्रश्नात पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ आहे. नावं राज्यांनी द्यायची, ती जमिनीच्या नोंदीवरून काढायची, आणि ‘मी अपवादात बसत नाही’ हे शेतकऱ्याने स्वतः लिहून द्यायचं. पहिल्या हप्त्यापुरती आधारची अटही सैल होती. अपवादांची यादी मात्र लांबलचक: मागच्या वर्षी आयकर भरलेली व्यक्ती, आजी-माजी सरकारी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), दरमहा १०,००० किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, आजी-माजी आमदार, खासदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल. सातबाऱ्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तलाठ्याला गावातला मास्तर कोण, हे माहीत असतं. पण ज्याची जमीन गावात आणि नोकरी पिंपरीला किंवा नाशिकला आहे, त्याच्या पगारातून आयकर कापला जातो की नाही हे तलाठ्याने कसं सांगावं? ती माहिती आयकर खात्याकडे होती, आणि तिची शेतकऱ्यांच्या यादीशी जुळणी झाली ती पैसे गेल्यानंतर.

मे २०१९ अखेर नव्या मंत्रिमंडळाने दोन हेक्टरची मर्यादा काढली. जमीनधारक सगळे शेतकरी योजनेत आले. तेव्हा सरकारने स्वतःच दिलेला अंदाज लक्षात ठेवण्यासारखा आहे: सुमारे १४.५ कोटी लाभार्थी आणि २०१९-२० या वर्षाचा खर्च ८७,२१७.५० कोटी रुपये.

प्रत्यक्षात त्या वर्षी अर्थसंकल्पात ७५,००० कोटी होते, सुधारित अंदाजात ते ५४,३७० कोटी झाले आणि खर्च झाला ४८,७१४ कोटी. पश्चिम बंगालने योजना स्वीकारली नव्हती (तिथल्या शेतकऱ्यांना पहिला हप्ता मे २०२१ मध्ये मिळाला), काही राज्यांच्या याद्या सावकाश आल्या, ही कारणं खरी आहेत. तरी आकड्यांचं प्रमाण बघा. एका वर्षात २६ हजार कोटींहून जास्त तरतूद शेतकऱ्यापर्यंत गेलीच नाही. अपात्रांना गेलेली रक्कम, जी दोन-अडीच वर्षांची मिळून होती, ती २,९९२ कोटी. मथळा दुसऱ्या आकड्याचा झाला.

आधी माहितीचा अधिकार, मग संसद

अपात्रांचा विषय संसदेच्या आधी दोन वाटांनी बाहेर आला होता. पहिली वाट तमिळनाडूची. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे उघड झालं, की शेतकऱ्याने स्वतः नोंदणी करण्यासाठी दिलेली सोय आणि अधिकाऱ्यांचे पासवर्ड वापरून शेतीशी संबंध नसलेल्या लाखो लोकांची नावं घुसवली गेली आहेत. राज्याच्या कृषी सचिवांनीच साडेपाच लाख बोगस नावं आणि ११० कोटींचा आकडा सांगितला. कंत्राटी कर्मचारी काढले गेले, दलालांना अटक झाली. त्याच सप्टेंबरात संसदेचं पावसाळी अधिवेशन झालं, पण करोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द केलेला होता. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं तेवढी मिळाली. म्हणजे तीन कृषी कायदे ज्या अधिवेशनात संमत झाले, त्यात शेतीवर एकाही खासदाराला मंत्र्यांसमोर उभं राहून उपप्रश्न विचारता आला नाही. मला आजही हे फार गंभीर वाटतं.

दुसरी वाट माहितीच्या अधिकाराची. कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्हचे वेंकटेश नायक यांना मिळालेल्या माहितीतून जानेवारी २०२१ मध्ये समोर आलं, की जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले आणि त्यांतले ५५ टक्क्यांहून जास्त आयकरदाते होते.

मग जुलै २०२१ चं उत्तर आलं. यात राज्यवार तक्ता होता, आणि या उत्तराची खरी किंमत त्या तक्त्यात आहे. आसाममध्ये ८.३५ लाख अपात्र आणि ५५४ कोटी रुपये. तमिळनाडूत ७.२२ लाख आणि ३४० कोटी. पंजाबात ५.६२ लाख आणि ४३७ कोटी. महाराष्ट्रात ४.४५ लाख आणि ३५८ कोटी. उत्तर प्रदेशात २.६५ लाख आणि २५८ कोटी. गुजरातमध्ये २.३६ लाख आणि २२० कोटी. या सहा राज्यांतच देशातले जवळपास तीन चतुर्थांश अपात्र.

बहुतेक बातम्या इथे थांबल्या. रकमेला माणसांनी भागून बघितलं तर मात्र तक्ता बोलायला लागतो. देशाची सरासरी निघते माणशी ७,१०० रुपये, म्हणजे साडेतीन हप्ते. तमिळनाडूची ४,७०० रुपये, म्हणजे जेमतेम सव्वादोन हप्ते: तिथे घुसवलेली नावं लवकर सापडली आणि लवकर थांबली. आसामची ६,६०० च्या आसपास. महाराष्ट्राची ८,०००, बरोबर चार हप्ते. उत्तर प्रदेशची ९,७०० च्या वर, जवळपास पाच. तोवर योजनेचे एकूण आठच हप्ते निघाले होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या सरासरी अपात्र खात्याला निम्मे हप्ते बिनबोभाट मिळत राहिले.

तमिळनाडूच्या प्रकरणाला फसवणूक म्हणावं लागतं. महाराष्ट्रात जे झालं त्याचं स्वरूप मुख्यतः वेगळं आहे. नोकरदाराच्या नावावर गावाकडची जमीन आहे, आठ-अमध्ये नाव आहे, यादीत नाव आलं, पैसे आले. काहींनी जाणूनबुजून घेतले, काहींना आयकराची अट ठाऊकच नव्हती. दोन्ही प्रकारांना संसदेतल्या उत्तरात एकच शब्द आहे: अपात्र. एका रकान्यात बोगस नाव आणि त्याच रकान्यात गावी तीन एकर असलेला शिक्षक. दोषाचं मूळ वेगळं असेल तर उपायही वेगळा लागतो, आणि तो फरक या तक्त्यातून करता येत नाही.

उत्तर कसं तयार होतं

हे थोडक्यात सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, तिथेच विषय संपतो. शेतीच्या योजनांवरची बहुसंख्य उत्तरं दुसऱ्या प्रकारची असतात. प्रश्नाचे चार-पाच भाग असतात. उत्तर देताना मंत्रालय ते अनेकदा एकत्र बांधतं: ‘(क) ते (ङ)’ असं लिहून सलग एक निवेदन. त्या निवेदनात योजनेची माहिती, सुरुवातीपासून वाटलेली एकूण रक्कम, तंत्रज्ञानाचे उपाय, आणि एक ठरलेलं वाक्य येतं: लाभार्थी निश्चित करण्याची आणि पडताळणीची जबाबदारी राज्य सरकारांची आहे. पाच भागांपैकी एखाद्याचं उत्तर राहून गेलं तरी ते सहजी लक्षात येत नाही.

मंत्री सभागृहात ‘माहिती गोळा केली जात आहे’ म्हणाले, तर ते आश्वासन धरलं जातं आणि शासकीय आश्वासन समिती तीन महिन्यांची मुदत लावून त्याचा पाठपुरावा करते. पण ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ म्हटलं, की पाठपुरावा करायला काही उरत नाही. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात, दिल्लीच्या सीमांवर आंदोलनात मृत्यू पावलेल्या शेतकऱ्यांविषयी विचारलं गेलं, तेव्हा कृषी मंत्रालयाकडे नोंद नसल्याने आर्थिक मदतीचा प्रश्न उद्भवत नाही, असंच उत्तर आलं होतं. नोंद नसणं हेच उत्तर ठरतं, आणि नोंद ठेवायची की नाही हे ठरवणारं मंत्रालय तेच असतं.

वसुली

मार्च २०२२ च्या उत्तरात सरकारने असंही सांगितलं, की अपात्रांना गेलेले ४,३५२ कोटी हे एकूण वाटपाच्या दोन टक्के आहेत. एवढ्या मोठ्या योजनेत दोन टक्के चूक ही खरोखरच मोठी नाही. जगातल्या कुठल्याही रोख मदतीच्या योजनेत काही नावं चुकीची जातात. सरकारने हे मोकळेपणाने सांगितलं, राज्यवार आकडे दिले, याचं श्रेय द्यायला हवं.

पण वसुली? २९६ कोटी, मग ३३५, मग ४१६. अपात्रांना गेलेल्या ४,३५२ कोटींशी ताडून पाहिलं तर तीन वर्षांनंतरही दहा टक्क्यांच्या आत. महाराष्ट्रात २०२० च्या अखेरीपासून तहसील कार्यालयांनी आयकरदात्यांना नोटिसा काढल्या, काहींनी पैसे भरले, पोर्टलवर परताव्याची सोय झाली. आठ हजारांच्या वसुलीसाठी तलाठ्याने फेऱ्या मारायच्या, तहसीलदाराने सुनावणी घ्यायची, पावती फाडायची, आणि रक्कम केंद्राकडे पाठवायची. या कामाला ना वेगळा माणूस मिळाला, ना वेगळा पैसा. त्यात महाराष्ट्रात हे काम महसूलचं की कृषी विभागाचं, हा वाद काही वर्षं धुमसत राहिला. महसूलकडे जमिनीची नोंद, कृषीकडे योजना. दोघांच्या मध्ये शेतकरी कागद घेऊन उभा.

संसदेतल्या उत्तरांत या वादाचा मागमूस नाही. ‘राज्य सरकारांची जबाबदारी’ एवढ्या शब्दांत तो झाकला जातो. विधिमंडळात विचारावं तर योजना केंद्राची म्हणून प्रश्नाची धार कमी होते. पैसा एका सरकारचा आणि यादी दुसऱ्याची, अशी रचना असलेल्या प्रत्येक योजनेत ही अडचण येते, पण इथे ती वर्षातून तीनदा कोट्यवधी घरांना भोगावी लागते.

जे गळाले

आता या प्रकरणाच्या त्या भागाकडे यायला हवं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

अपात्रांवरच्या प्रश्नांना उत्तर देताना सरकारने उपाय सांगितले: १२व्या हप्त्यापासून जमिनीच्या नोंदीची जोडणी सक्तीची, १३व्यापासून आधार जोडलेल्या खात्यातच पैसे, १५व्यापासून ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची. उपाय म्हणून तिन्ही रास्त आहेत. त्यांचा परिणाम हप्त्यांच्या आकड्यांत लगेच दिसला. मे २०२२ मध्ये सिमल्याहून निघालेला ११वा हप्ता १० कोटींहून अधिक शेतकऱ्यांसाठी होता, रक्कम सुमारे २१,००० कोटी. ऑक्टोबर २०२२ मधला १२वा हप्ता ८ कोटींहून अधिक शेतकऱ्यांसाठी, रक्कम १६,००० कोटी. एका हप्त्यात दोन कोटींहून जास्त माणसं कमी झाली.

अपात्र ठरलेले होते ४२ लाख, त्यात नंतरची भर धरा. मग बाकीचे कोण?

याचं उत्तर सरकारच्याच पुढच्या उत्तरांत अर्धं सापडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये विकसित भारत संकल्प यात्रेबरोबर सुटलेल्यांना सामावून घेण्याची मोहीम सुरू झाली आणि तिच्यात एक कोटीहून अधिक पात्र शेतकरी जोडले गेल्याचं सरकारने सांगितलं. २०२४ मध्ये नव्या सरकारच्या पहिल्या १०० दिवसांत आणखी २५ लाख. फेब्रुवारी २०२५ मध्ये भागलपूरहून १९वा हप्ता निघाला तेव्हा लाभार्थी ९.८ कोटी झाले होते. म्हणजे सव्वा कोटीहून जास्त पात्र शेतकरी काही काळ बाहेर होते, हे सरकारनेच मान्य केलं आहे. फक्त ते मान्य केलं यशाच्या भाषेत. त्यांतले किती आधी यादीत होते आणि गळाले, किती पहिल्यांदाच आले, ही फोड त्या उत्तरांत नाही. सव्वा कोटी पात्र माणसं विनाकारण बाहेर राहिली, असा मथळा कुठे झाला नाही. ४२ लाखांचा झाला.

कोण गळतं, ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी सेतू केंद्राबाहेर उभं राहिलं की कळतं. सातबाऱ्यावर ‘बाबूराव’ आणि आधारवर ‘बाबुराव’. सामायिक खातं, पोटहिस्सा झालेला नाही, भावाभावांत बोलणं नाही. अंगठ्याचे ठसे झिजलेले, मोबाइल क्रमांक पुण्यातल्या मुलाचा, ओटीपी त्याच्याकडे जातो. खातं जिल्हा बँकेत, आधार जोडलं गेलं दुसऱ्याच बँकेतल्या खात्याला. आणि सगळ्यांत वाईट अवस्था वारसनोंद अडकलेल्या बाईची: नवरा गेला, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, दिराची संमती मिळत नाही, फेरफार मंजूर होत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना योजना लागू नाही, वारसाहक्काचा अपवाद वगळून. अपवाद तिच्यासाठीच आहे, पण तो सिद्ध करायला जो कागद लागतो तोच तिच्याकडे नाही. १९व्या हप्त्याच्या वेळी ९.८ कोटींत महिला शेतकरी होत्या २.४१ कोटी. शेतात राबणाऱ्या बायकांशी हे प्रमाण ताडून बघा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असण्याची किंमत कळेल.

सरकारच्या उत्तरांत एक चांगलं वाक्य नेहमी असतं: ज्यांचा हप्ता अटी पूर्ण न झाल्यामुळे थांबला आहे, त्यांनी अटी पूर्ण केल्यावर थकलेले हप्तेही दिले जातात. हे वाक्य शेतकऱ्यासाठी फार मोलाचं आहे आणि ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं. पण किती जणांना असे थकलेले हप्ते मिळाले, एकूण रक्कम किती, सरासरी किती महिन्यांनी, याचा तक्ता वसुलीच्या तक्त्याशेजारी कधी दिसत नाही. वसूल केलेल्या पैशाचा हिशेब आहे, थकवलेल्या पैशाचा नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा तर पोर्टलवर ती माहिती आहेच, कारण पैसे तिथूनच सुटतात.

महाराष्ट्रात या गळतीचा फटका दुप्पट बसतो. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर केला, केंद्राइतकेच वर्षाला ६,००० रुपये. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीला पहिला हप्ता निघाला: ८५.६० लाख शेतकरी, १,७१२ कोटी रुपये. ‘नमो’ची यादी केंद्राच्याच यादीवर उभी आहे. तिकडे नाव थांबलं की इकडेही थांबतं, आणि घराचे वर्षाला १२,००० जातात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यात १.५३ कोटी वहितीधारक आहेत. एका कुटुंबात दोन-तीन खाती असू शकतात, आयकरदाते आणि नोकरदार वगळावे लागतात, त्यामुळे सगळी तफावत गळतीची म्हणता येणार नाही. पण जवळपास ६७ लाखांची ही तफावत कशाकशाने बनली आहे, याची जिल्हावार फोड मागणं हा विधिमंडळातल्या प्रत्येक ग्रामीण आमदाराचा पहिला प्रश्न असायला हवा होता.

जे यादीत येऊच शकत नाहीत

या सगळ्या चर्चेच्या बाहेर आणखी एक माणूस आहे. खंडाने जमीन करणारा. विदर्भात ठेक्याने, मराठवाड्यात बटईने, दुसरीकडे अर्धेलीने. बी-बियाणं त्याचं, कर्ज त्याचं, पावसाने झोडपलं तर नुकसानही त्याचं. सन्मान निधी मात्र सातबारा ज्याचा त्याचा. खंडकरी शेतकऱ्यांना योजनेत घेणार का, हा प्रश्न संसदेत वारंवार आला आणि दर वेळी उत्तर एकच: जमीनधारणा हा योजनेचा मूळ निकष आहे. रक्कम वाढवणार का, यालाही ठरलेलं उत्तर: असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये चरणजितसिंग चन्नी यांच्या अध्यक्षतेखालील कृषीविषयक स्थायी समितीने रक्कम ६,००० वरून १२,००० करावी आणि खंडकरी व शेतमजुरांनाही लाभ द्यावा, अशी शिफारस केली. समितीत सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंचे खासदार असतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ६३,५०० कोटी ठेवले गेले. ६,००० रुपये २०१९ मध्ये ठरले ते तसेच आहेत. डीएपी खताची गोणी, फवारणीची मजुरी, ट्रॅक्टरचा तासाचा दर यांपैकी २०१९ च्या भावात आज काय मिळतं, ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

२०१९ च्या १४.५ कोटी लाभार्थ्यांच्या अंदाजाकडे इथे परत यावं लागतं. तो अंदाज चुकला असेल, तर कशामुळे चुकला ते सांगायला हवं. बरोबर असेल, तर साडेचार ते साडेपाच कोटी कुटुंबं कुठे आहेत? २०२५ मध्ये आणखी एक छाननी झाली. पती-पत्नी दोघांनाही लाभ मिळतोय किंवा जमीन २०१९ नंतर घेतली आहे, अशा संशयावरून अनेकांचे हप्ते पडताळणीपर्यंत रोखले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोइमतूरहून निघालेला २१वा हप्ता सुमारे ९ कोटी शेतकऱ्यांचा आणि १८,००० कोटींचा होता. १९व्या हप्त्यातल्या ९.८ कोटींवरून २०व्यात ९.७, तिथून ९. अपात्र शोधणं चालूच राहावं, त्याला कुणाचा विरोध असणार? पण आधी थांबवायचं आणि मग तपासायचं, ही पद्धत बघता संशयितांपैकी पात्र किती निघाले हेही त्याच उत्तरात, त्याच तक्त्यात यायला हवं.

विचारायचा प्रश्न

प्रश्न नेमका नसेल तर उत्तर पसरट येतं, हे या सगळ्या उत्तरांतून मी शिकलो. ‘अपात्रांना पैसे गेले आहेत काय’ असं विचारलं, तर उत्तर अपात्रांपुरतंच मिळणार. म्हणून लोकसभेसाठी एक मसुदा इथे ठेवतो, कुणीही वापरावा.

कृषी आणि शेतकरी कल्याण मंत्री पुढील बाबींची माहिती देतील काय:

(अ) ११वा हप्ता मिळालेल्या, पण १२वा न मिळालेल्या शेतकऱ्यांची राज्यवार आणि कारणवार संख्या किती;

(ब) त्यांपैकी किती अंतिमतः अपात्र ठरले, किती नंतर पात्र ठरले आणि किती प्रकरणं अद्याप प्रलंबित आहेत;

(क) पात्र ठरलेल्यांना थकीत हप्त्यांपोटी दिलेली रक्कम राज्यवार किती, आणि हप्ता थांबल्यापासून ती मिळेपर्यंत सरासरी किती महिने लागले;

(ड) वारसनोंद किंवा नावातील तफावत या कारणाने थांबलेल्या प्रकरणांत महिलांची संख्या किती, आणि

(इ) २०१९ मध्ये अंदाजलेल्या १४.५ कोटी लाभार्थ्यांच्या संख्येचा सरकारने फेरआढावा घेतला आहे काय, असल्यास त्याचा तपशील काय?

हा अतारांकित लागला तरी तक्ता मागितलेला असल्याने उत्तर पटलावर तक्त्यासहित यायला हवं. (ब) आणि (क) ची उत्तरं ‘(अ) ते (इ)’ अशी बांधून आली आणि आकडे गाळलेले असतील, तर खासदाराने पुढच्या आठवड्यात तेवढेच दोन भाग वेगळा प्रश्न म्हणून टाकावेत. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं, तर तीन महिन्यांनी आश्वासन समितीकडे विचारणा करावी.

विधानसभेत ‘नमो’च्या यादीबाबत हेच जिल्हावार विचारता येईल. पैसा राज्याच्या तिजोरीतला असल्याने तिथे केंद्राकडे बोट दाखवता येणार नाही, आणि आपल्या सभागृहाच्या प्रश्नांत शेवटचा भाग असतोच: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? संसदेसाठी नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. खासदाराकडे हा मसुदा अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पोचला पाहिजे, सोबत आपल्या तालुक्यातल्या चार-पाच अडकलेल्या प्रकरणांचे नोंदणी क्रमांक जोडून.